अंगठा उमटला नाही, तर?

आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहतात. वय सत्तरीच्या पुढे. शोहर जाऊन वीस वर्षे झाली, एकुलती एक मुलगी दूर नांदते आहे. रेशनकार्डावर एकच नाव, त्यांचे स्वतःचे. सारी उमर विड्या वळण्यात गेली. गेल्या पावसाळ्यात त्या तीन वेळा रेशन दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतल्या. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा लागे आणि दुकानदार म्हणे, "चाची, कल आओ." तिसऱ्यांदा परतताना त्या आमच्या ओट्यावर टेकल्या, दोन्ही तळवे पुढे धरले आणि म्हणाल्या, "मास्तरसाब, हात मेरा, अंगठा मेरा. फिर मशीन कैसे बोलती, मैं मैं नै?"

आम्ही बी.एड. झालो आहोत, वीस वर्षे मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो, पण या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही. त्यांच्या तळव्यांकडे पाहिले तर अंगठा आणि तर्जनी काचेसारखी गुळगुळीत झालेली. रोज हजारभर पाने त्या दोन बोटांनी वळायची, तिथे रेषा कुठून उरणार?

त्यानंतर आम्ही हा विषय वाचायला घेतला. सरकारी कामात संगणक, मोबाईल आणि बोटांचे ठसे आले की माणसांचे नक्की काय होते, याचा अभ्यास करणारी विद्यापीठांतली एक मोठी शाखाच आहे, हे तेव्हा कळले. या एकाच विषयाला वाहिलेले एक इंग्रजी संशोधन-नियतकालिक १९८४ पासून निघते आहे. म्हणजे आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात लाल कापडात बांधलेली गाठोडी होती, तेव्हापासून. त्यातले बरेचसे लेखन आमच्या डोक्यावरून गेले. पण काही अभ्यास असे सापडले की वाटले, हे आपल्या घराघरात पोहोचले पाहिजे, कारण ते आपल्याच रांगेत उभे राहून केलेले आहेत.

सुरुवात आपल्याच राज्यातून झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पंतप्रधान जातीने आले होते. ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही त्यालाही स्वतःची ओळख मिळावी, असा तेव्हाचा शब्द होता. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या घरात जन्मदाखला नाही, निकाहनाम्यावर वेगळे नाव आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळे, अशांना एक पक्का क्रमांक मिळणे ही मोठीच गोष्ट होती. प्रश्न पुढे आला. ओळख देण्यासाठी आणलेली वस्तू हळूहळू ओळख तपासण्यासाठी वापरली जाऊ लागली. देणे आणि तपासणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

संशोधकांनी या तपासणीचाच पिच्छा पुरवला. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर (आडनाव वाचून आम्हाला जरा आपलेपणा वाटला) या तीन अर्थतज्ज्ञांनी दोन राज्यांत दोन प्रचंड प्रयोग केले. प्रयोगाची पद्धत समजायला सोपी आहे. सरकार नवी यंत्रणा आणणारच असते, पण सगळीकडे एकाच दिवशी आणू शकत नाही. मग कोणत्या तालुक्यात आधी आणि कोणत्या नंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. आधी आलेले तालुके आणि मागे राहिलेले तालुके यांची तुलना केली की यंत्रणेचा खरा परिणाम दिसतो. कुणी मुद्दाम श्रीमंत तालुका निवडला, असे म्हणायला जागा राहत नाही.

पहिला प्रयोग त्या वेळच्या अखंड आंध्र प्रदेशात झाला. १५७ मंडले आणि १ कोटी ९० लाख लोकसंख्या. रोजगार हमीची मजुरी आणि वृद्ध-विधवांची पेन्शन ठशाच्या कार्डावर द्यायची. त्याआधी मजुरीसाठी दूरच्या पोस्टात जावे लागे, तिथे पैसे आलेले नसत, आले तरी मधला कुणी हात मारी. नव्या पद्धतीत गावातच यंत्र घेऊन बसलेली एक व्यक्ती पैसे देई, आणि ती बहुतेक ठिकाणी बचतगटातली बाई असे. अभ्यासाचा निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आला. मजुरी लवकर मिळू लागली, वेळेचा भरवसा आला, गळती कमी झाली, आणि कुणी योजनेबाहेर फेकले गेले नाही. लोकांना विचारले तेव्हा बहुतेकांनी नवी पद्धतच बरी असे सांगितले. मजुरांचा जो वेळ वाचला, नुसत्या त्याच्या किमतीतच सारा खर्च भरून निघाला.

हे वाचून आम्ही खालांना सांगणार होतो की यंत्र वाईट नाही. तेवढ्यात दुसरा प्रयोग हाती आला.

हा झारखंडमधला, २०१६-१७ सालचा, आणि विषय थेट रेशनचा. १० जिल्हे, १३२ तालुके, दीड कोटी लाभार्थी. संशोधक तेच, पद्धत तीच, ठसाही तोच. निकाल मात्र उलटा. अंगठा सक्तीचा केल्याने गळती कमी झाली नाही. सर्वसाधारण कुटुंबाला धान्य आणायला थोडा जास्त खर्च आणि वेळ पडू लागला. आणि ज्या २३ टक्के लोकांचे आधार सुरुवातीला कार्डाशी जोडलेलेच नव्हते, त्यांना मिळणारे धान्य १० टक्क्यांनी घटले. हे २३ टक्के कोण, ते सांगायला नको. ज्यांना कागद सांभाळता येत नाहीत, तालुक्याला हेलपाटे घालता येत नाहीत, तेच.

गळती का कमी झाली नाही, याचे उत्तर आम्हाला फार मोलाचे वाटले. रेशनमधली चोरी दोन प्रकारची असते. एक नावाची चोरी, म्हणजे मेलेल्या माणसाच्या किंवा खोट्या नावाच्या कार्डावर धान्य उचलायचे. दुसरी मापाची चोरी, म्हणजे माणूस खरा, कार्ड खरे, अंगठाही खरा, पण पाच किलोवर अंगठा घेऊन पिशवीत चारच किलो ओतायचे. यंत्र पहिली चोरी पकडते. झारखंडमध्ये मुख्यतः दुसरी चालू होती. म्हणजे कुलूप चांगले होते, पण ते ज्या दाराला लावले त्या दाराने चोर येतच नव्हता. तराजूपाशी कुणी उभेच राहिले नाही.

पुढची हकीकत आणखी कडू आहे. जुलै २०१७ पासून तिथल्या सरकारने यंत्रातल्या नोंदींचा हिशेब धरायला सुरुवात केली. नोंदीप्रमाणे दुकानदाराकडे जेवढा माल शिल्लक असायला हवा, तेवढा पुढच्या महिन्याच्या कोट्यातून कापायचा. कागदावर हे अगदी रास्त आहे, आणि यात गळतीला खरोखर मोठा आळा बसला. पण पुष्कळ दुकानदारांकडे तो शिल्लक माल नव्हताच, आधीच विकला गेला होता. मग कोटा कापला, तर झळ कुणाला? रांगेतल्या माणसाला. गळती घटली आणि तिच्याबरोबर लोकांच्या पिशवीतले धान्यही घटले. ओरड एवढी झाली की काही महिन्यांत सरकारला ती पद्धत थांबवावी लागली.

आंध्रात जमले ते झारखंडात का बिघडले? आम्ही दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचले. आम्हाला जो फरक सर्वांत महत्त्वाचा वाटला, तो यंत्रात नाही. आंध्रात अंगठा उमटला नाही तरी पैसे देण्याची मुभा होती. गावातल्या बाईला माणूस ओळखीचा असे, ती वहीत लिहून पैसे देई. झारखंडात मात्र अंगठा नाही तर धान्य नाही, असा दरवाजाच बंद होता. शिवाय आंध्रात सरकारने लोकांचा त्रास कमी व्हावा हे धरून आखणी केली होती, तर झारखंडात सरकारचा पैसा वाचावा हे धरून. एकच यंत्र, पण ते कुणाच्या बाजूने लावले आहे यावर सारे ठरते.

ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने सांगत होते. त्यांच्याकडे चिठ्ठ्या टाकण्याचा प्रयोग नव्हता. २०१७ च्या उन्हाळ्यात विद्यार्थी-स्वयंसेवकांना घेऊन ते झारखंडच्या खेड्यांत फिरले, सुमारे ९०० घरांत जाऊन बसले आणि कार्ड, वही, पिशवी तपासली. त्यांनाही दिसले की मापातली चोरी चालूच आहे, हेलपाटे वाढले आहेत, आणि बाहेर फेकल्या गेलेल्यांत एकट्या विधवा आणि म्हातारी माणसे अधिक आहेत. मोठ्या घरात सुनेचा नाही तर नातवाचा अंगठा चालतो. एकटीच्या घरात दुसरा अंगठा आणायचा कुठून? हे वाक्य आम्ही वाचले आणि आमच्या ओट्यावरच्या खाला आठवल्या.

इथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केंद्राच्या अन्न मंत्रालयाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना लेखी सूचना दिली आहे की आधार नाही किंवा ठसा जुळला नाही एवढ्या कारणाने कुणाही लाभार्थ्याला धान्य नाकारू नये. अशा वेळी नोंदवहीत वेगळी नोंद करून धान्य द्यावे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी सवलतींसाठी आधारची अट बहुमताने मान्य केली. पण त्याच निकालात मुलांच्या बाबतीत स्पष्ट सांगितले की आधार नाही म्हणून मुलाचा लाभ अडवता येणार नाही, आणि शाळाप्रवेशाला आधार सक्तीचे करता येणार नाही. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी तर वेगळा निकाल लिहून साऱ्या योजनेलाच विरोध नोंदवला. ही सूचना आमच्या रेशन दुकानदाराला ठाऊक नव्हती. आम्हालाही नव्हती, हे कबूल करतो.

आता अंगठ्यावरून नावाकडे येतो, कारण आपल्या घरांत अंगठ्यापेक्षा नावाचे दुखणे मोठे आहे.

शेख हा शब्द घ्या. उर्दूत तो तीन अक्षरांचा: शीन, ये, ख़े. मराठीत दोन अक्षरांचा. तिसऱ्या लिपीत, म्हणजे इंग्रजीत गेला की कुणी एस-एच-ए-आय-के-एच लिहितो, कुणी एस-एच-ई-आय-के-एच, कुणी मधले अक्षर गाळून एस-एच-ई-के-एच. तिन्ही बरोबर आहेत, कारण इंग्रजीत तो आवाजच नाही. मुहम्मद हे नाव उर्दूत मीम, हे, मीम, दाल एवढे साधे. इंग्रजीत ते मोहम्मद, मुहम्मद, मोहंमद असे कितीतरी प्रकारे उतरते, आणि घाईत असलेला कारकून नुसते 'मोहड' लिहून मोकळा होतो. बायकांच्या नावापुढचे बी, बानो, बेगम कधी असते, कधी गळते. मराठवाड्यात शेख आणि सय्यद नावाच्या आधी येतात, पश्चिम महाराष्ट्रात नंतर. संगणकाच्या रकान्यात पहिले नाव, मधले नाव, आडनाव अशा तीन चौकटी. 'शेख'ला पहिल्या चौकटीत टाकले की संगणकाच्या लेखी साऱ्या मोहल्ल्याचे नाव एकच! एकाच घरात एक भाऊ शेख लावतो, दुसरा धंद्यावरून बागवान किंवा तांबोळी लावतो. माणसाला हे सांगितले की कळते. संगणकाला अक्षर जुळले तर माणूस, नाही तर परका.

यातला एक गुन्हा आमच्या हातचा आहे. आमच्या राज्यात शाळांची संचमान्यता, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक द्यायचे ते, आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवरून ठरू लागली. मुलगा रोज बाकावर बसलेला दिसतो, पण आधार जुळले नाही तर मोजणीत तो नाही. मग साऱ्या शिक्षकवर्गाने रात्री जागून नावे भरली. त्या घाईत एका मुलीच्या आडनावाचे स्पेलिंग आम्ही सवयीने घातले, तिच्या आधारवर होते तसे नाही. पुढे नववीत तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. तिचे अब्बा हातगाडीवर फळे विकतात. दुरुस्तीसाठी त्यांचे दोन दिवस बुडाले, प्रतिज्ञापत्राचे पैसे गेले ते वेगळेच. चूक आमची, भुर्दंड त्यांचा. आम्ही माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "जाने दो सर, कंप्यूटर की गलती हैगी." कंप्यूटरची नव्हती.

नावाच्या या घोळाचे भयानक रूप शेजारच्या तेलंगणात दिसले. तिथल्या सरकारने निरनिराळ्या खात्यांची माहिती, म्हणजे मोटारी, जमिनी, वीजबिले, एकत्र जुळवून अपात्र लोक शोधणारी संगणकप्रणाली लावली. २०१४ ते २०१९ या काळात १८ लाखांहून अधिक रेशनकार्डे रद्द झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द केलेल्या कार्डांची घरोघर जाऊन पडताळणी करा असा आदेश दिला. पत्रकारांनी खोदून पाहिले तेव्हा हैदराबादेत असे एक गरीब मुस्लिम कुटुंब सापडले, ज्याचे कार्ड 'घरात मोटार आहे' म्हणून गेले होते. मोटार दुसऱ्याच कुणाची होती. नावे फक्त जवळपास सारखी होती.

असे का होते, याचा सर्वांत खोल विचार आम्हाला नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांकडे सापडला. त्याआधी थोडे मागे जावे लागेल. १९८० मध्ये मायकेल लिप्स्की या अमेरिकन प्राध्यापकाने एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की सरकार म्हणजे मंत्रालय नव्हे. गरिबाच्या दृष्टीने सरकार म्हणजे खिडकीपलीकडचा कारकून, चौकातला पोलीस आणि वर्गातला शिक्षक. हो, त्याच्या यादीत शिक्षकही आहे. नियम वर कुठेतरी होतात, पण ते कुणाला किती लावायचे, कुणाला एक दिवसाची सवड द्यायची, हे ही माणसे ठरवतात. तेच खरे धोरण.

२००२ मध्ये मार्क बोव्हेन्स आणि स्टावरोस झुरिडिस या दोघांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. आपल्या देशातल्या विद्यार्थी-अनुदानाची आणि वाहतूक-दंडाची कार्यालये पाहून त्यांनी दाखवले की खिडकीपलीकडचा माणूस आधी पडद्यापुढचा माणूस झाला आणि शेवटी नाहीसाच झाला. आता निर्णय प्रणाली घेते. सवड द्यायची की नाही, हे ठरवणारा माणूस म्हणजे प्रणाली लिहिणारा. त्याला तुम्ही कधी भेटणार नाही, आणि त्याने तुम्हाला कधी पाहिलेले नसेल.

लेख छापून आला, आणि अठरा वर्षांनी त्याच देशात तो अक्षरशः खरा ठरला. तिथे नोकरी करणाऱ्या आईबापांना पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार भत्ता देते. फसवणूक शोधण्याच्या नादात करखात्याने हजारो पालकांना लबाड ठरवले. एखादी सही राहिली, एखादा कागद उशिरा गेला, एवढ्यावरून साऱ्या वर्षांचा भत्ता परत मागितला, काहींकडून तर हजारो युरो. घरे विकली गेली, संसार मोडले, मुले आईबापांपासून दूर ठेवली गेली. कोणाची तपासणी करायची हे सुचवणाऱ्या प्रणालीत माणूस डच नागरिक आहे की नाही हाही एक निकष होता. तुर्की आणि मोरोक्कन वंशाची घरे त्यात मोठ्या संख्येने भरडली गेली. संसदेच्या चौकशी समितीने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या अहवालाचे नावच 'अभूतपूर्व अन्याय' अशा अर्थाचे ठेवले, आणि १५ जानेवारी २०२१ रोजी तिथल्या सरकारने राजीनामा दिला. भ्रष्टाचारात जवळजवळ सर्वांत स्वच्छ गणला जाणारा तो देश. तिथे कुणी लाच घेतली नव्हती. सगळे नियमाने झाले होते.

म्हणून जुना कारकून बरा होता, असे आम्ही म्हणू का? मुळीच नाही. आमच्या वालिदांनी एका उताऱ्यासाठी किती चहा पाजले, ते आम्ही लहानपणी मोजले आहेत. आज तो उतारा घरबसल्या निघतो, आणि कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. दाढी पाहून, बुरखा पाहून खिडकीवरचा सूर बदलतो, याचाही अनुभव आपल्यातल्या पुष्कळांना आहे. यंत्राला तो सूर नसतो. पण यंत्राच्या पोटात घातलेल्या निकषांना असू शकतो, एवढे नेदरलँड्सने दाखवले. शेजारच्या कर्नाटकात २००१ मध्ये 'भूमी' प्रकल्पाने जमिनीचे सारे उतारे संगणकावर आणले. शेतकऱ्याला १५ रुपयांत उतारा मिळू लागला, जगभर कौतुक झाले. पण काही वर्षांनी बंगळुरूच्या परिसरात फिरलेल्या अभ्यासकांनी लिहिले की हेच उतारे एका जागी मिळू लागल्याने बड्या जमीनखरेदीदारांचे काम फार सोपे झाले, आणि लाच गावातून उठून तालुक्याला गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मँचेस्टर विद्यापीठाचे रिचर्ड हीक्स यांनी २००३ मध्ये अंदाज मांडला होता की गरीब देशांतल्या अशा सरकारी संगणक प्रकल्पांपैकी ३५ टक्के पूर्ण फसतात, ५० टक्के अर्धवट फसतात आणि जेमतेम १५ टक्के यशस्वी होतात. कारण त्यांनी सोप्या शब्दांत सांगितले: आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यातले गाव आणि खरे गाव यांत अंतर असते. जेवढे अंतर जास्त, तेवढी फजिती जास्त.

हे अंतर पाहायचे तर आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळी या. आराखड्यात प्रत्येक माणसाचा एक मोबाईल आहे. प्रत्यक्षात अम्मीच्या आधारला जोडलेला नंबर मोठ्या मुलाचा, आणि मुलगा रियाधला. इथे सेवा केंद्रावर अर्ज उघडायचा, तिथे ओटीपी जायचा, तो कामावर असला तर फोन बंद, आणि तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले तेव्हा आमच्या नववी-दहावीच्या मुलींनी आपापल्या गल्लीतल्या बायकांचे अर्ज मोबाईलवरून भरून दिले. सरकारच्या कुठल्याही आराखड्यात या मुली नाहीत, पण गल्लीतली यंत्रणा त्यांच्यावरच चालते. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन या अमेरिकन अभ्यासकांनी अशा ओझ्याचे तीन भाग पाडले आहेत: माहिती मिळवण्याचा खर्च, कागद पुरे करण्याचा खर्च, आणि मनाला होणारा त्रास. तिसरा भाग कुणी मोजत नाही. खाला तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने परतल्या, तेव्हा रांगेतल्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना धान्यापेक्षा ते जास्त लागले होते.

एक गोड अभ्यासही सांगतो, नाही तर वाचक म्हणतील मास्तर नुसते रडगाणे घेऊन बसले. २०१८ मध्ये तेलंगणात शेतकऱ्यांना रयतु बंधू योजनेचे धनादेश वाटायचे होते, एकरी ४००० रुपये. संशोधकांनी ना ठसा आणला ना नवे ॲप. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मंडलांतल्या अधिकाऱ्यांना एवढेच कळवले की शेतकऱ्यांना फोन करून विचारले जाईल, धनादेश मिळाला का, कधी मिळाला, आणि त्यावरून तुमचे काम पाहिले जाईल. बस, एवढेच. त्या मंडलांत वाटप जास्त वेळेवर आणि जास्त लोकांपर्यंत झाले, आणि फोनचा खर्च वाटलेल्या जादा रकमेच्या मानाने अगदी किरकोळ पडला. इथे यंत्राने गरिबाला 'तू खरा का?' असे विचारले नाही. 'साहेबांनी काम केले का?' असे गरिबाला विचारले.

आपल्या राज्यात अशी फोनची पद्धत येईल तेव्हा येईल. तोवर हातात एक कायदा आहे, तो वापरावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही किंवा नाकारली गेली, तर ३० दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. त्यासाठी अर्जाची पोच मात्र हवी. सेवा केंद्रावरून पोच घेतल्याशिवाय उठू नये, अगदी मगरीबची अजान झाली तरी दोन मिनिटे थांबावे. आणि घरातल्या मुलांचे आधार पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी नव्या ठशांनी अद्ययावत करून घ्यावे. दहावीचा अर्ज भरताना धावपळ होते ती यानेच. नावाची दुरुस्ती करताना घाई करू नये, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. आधी शाळेचा दाखला, आधार, बँकेचे पुस्तक तिन्ही समोर ठेवावे, एक स्पेलिंग ठरवावे, घरातल्या सर्वांचे तेच करावे, आणि मग अर्ज करावा. लागेल तर शाळेत यावे. आमच्यासारखे चुकलेले मास्तर आता जरा जपून लिहितात.

खालांचे काय झाले ते राहिलेच. २०१७ च्या त्या सूचनेची मराठीत एक प्रत हाताने लिहून आम्ही दुकानदाराकडे गेलो. तो भला माणूस आहे, पण वहीत नोंद करून धान्य दिले तर वरून विचारणा होते, असे म्हणाला. त्या महिन्याचे धान्य मात्र त्याने दिले. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर खालांना रिक्षात घालून आधार केंद्रावर नेले. तिथल्या मुलीने दहाही बोटे पुन्हा एकेक करून टेकवून पाहिली. उजव्या हाताची चार बोटे गेलेलीच. डाव्या हाताच्या अनामिकेवर तिचा चेहरा खुलला. त्या बोटाच्या रेषा जशाच्या तशा होत्या. विडी वळताना ते बोट कामाला लागत नाही, असे खालांनीच तिला हसत समजावून सांगितले. दहापैकी कोणतेही बोट यंत्राला चालते, हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितले असते तर तीन हेलपाटे वाचले असते.

पुढच्या महिन्यात दुकानदार सवयीने म्हणाला, "चाची, अंगठा रखो." खालांनी डावा हात पुढे केला, अनामिका वेगळी काढली आणि म्हणाल्या, "अंगठा नक्को. ये उँगली ले."

हिरवा दिवा लागला. मग त्या तराजूकडे वळल्या आणि काटा बघत उभ्या राहिल्या.